रिकाम्या डब्या, जुने कागद : हवाई बंदुकीचा बाजूला पडलेला इतिहास

१/
तळहातावर मावेल एवढी पत्र्याची एक डबी. कडांना गंज चढलेला. झाकणावर एक देवी उभी आहे. तिने धनुष्यबाण टाकून दिले आहेत आणि हातातली बंदूक उंच धरली आहे. डबी रिकामी आहे. एकेकाळी तिची किंमत आतल्या शिशाच्या गोळ्यांची होती. आज संग्राहक त्या रिकाम्या डबीसाठीच पैसे मोजतात. असे का घडते, याचा मागोवा या धाग्यात घेऊ. विषय आहे हवाई बंदुका, आणि त्याहूनही अधिक त्यांच्यासोबत विकल्या गेलेल्या किरकोळ वस्तू.

२/
हवाई बंदूक म्हणजे आपल्याकडची छऱ्याची बंदूक. जत्रेत फुगे फोडण्यासाठी हाती मिळते ती. तिच्यात दारू नसते. दाबलेली हवा गोळीला ढकलते. ही हवा भात्याने फुंकता येते, स्प्रिंगच्या जोराने ऐन वेळी दाबता येते, किंवा पंपाने आधीच कोठीत भरून ठेवता येते. कल्पना फार जुनी आहे. स्टॉकहोमच्या राजशस्त्रागार संग्रहालयात सुमारे १५८० सालची, भात्यावर चालणारी बंदूक जपून ठेवलेली आहे.

३/
बंदूक लोखंडाची आणि लाकडाची असते. ती माळ्यावर पन्नास वर्षे पडून राहिली, तरी टिकते. तिच्यासोबतच्या वस्तूंचे तसे नसते. पुठ्ठ्याचा खोका पहिल्याच दिवशी फाटतो. सूचनापत्रक हरवते. गोळ्या संपल्या की डबीत खिळे भरले जातात. कागदी लक्ष्य तर भोके पाडण्यासाठीच छापलेले असते. म्हणून एखाद्या नमुन्याच्या शंभर बंदुका सापडतात, पण तिचा मूळ खोका एकही सापडत नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र बोलका पुरावा बहुधा त्या खोक्यावरच छापलेला असतो.

४/
याचे एक उत्तम उदाहरण अठराव्या शतकातले आहे. टायरॉल प्रांतातल्या बार्थोलोमॉयस जिरांदोनी या कारागिराने रचलेली हवाई रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारली. तिचा दस्ता हीच हवेची कोठी होती. नळीला जोडलेल्या पन्हाळीत वीस-बावीस गोळ्या मावत आणि एकामागून एक झाडता येत. साधी बंदूक दर बारानंतर ठासावी लागत असे, त्या काळातली ही गोष्ट आहे. शिवाय धूर नाही, ठिणगी नाही.

५/
मग ती मागे का पडली? उत्तर तिच्या साहित्यात आहे. सैनिकाला रायफलीबरोबर जादा कोठ्या, गोळ्यांनी भरलेल्या पत्र्याच्या नळ्या, गोळ्या ओतण्याचा साचा आणि हातपंप सांभाळावा लागे. एक कोठी भरण्यास पंपाचे सुमारे १५०० हेलकावे लागत. सांध्यातून हवा गळू लागली की शस्त्र निकामी. केवळ रायफल पाहणाऱ्याला तिचा चमत्कार दिसतो. शेजारी पंप ठेवला की तिची मर्यादाही लगेच उमगते. संग्रहालयात ‘इतर साहित्य’ म्हणून कोपऱ्यात मांडलेल्या वस्तूच खरे कारण सांगत असतात.

६/
याच बंदुकीची दुसरी कथा अमेरिकेत घडली. १८०३ ते १८०६ या काळात मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम खंड ओलांडून प्रशांत महासागरापर्यंत गेली. लुईसजवळ एक हवाई बंदूक होती आणि वाटेत भेटणाऱ्या मूलनिवासी समूहांपुढे तो ती अनेकदा चालवून दाखवी. ही बंदूक नेमकी कोणती, यावर पुढे दीर्घ वाद झाला. फिलाडेल्फियाचा कारागीर आयझाया लुकन्स याने ती बनवली असावी, असे मत बराच काळ प्रचलित होते.

७/
या वादाची दिशा बदलली ती एका रोजनिशीतल्या नोंदीने. थॉमस रॉडनी नावाचे एक न्यायाधीश सप्टेंबर १८०३ मध्ये ओहायो नदीवरून प्रवास करत असता व्हीलिंग येथे लुईसला भेटले. त्याची बंदूक एकदा भरली की २२ वेळा उडते, असे त्यांनी लिहून ठेवले. लुकन्सच्या ज्ञात बंदुका एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या होत्या. तेव्हा अभ्यासकांचे लक्ष जिरांदोनी पद्धतीच्या रायफलीकडे वळले. बंदुकीचा प्रश्न एका वाटसरूच्या वहीतल्या ओळीने उलगडू लागला.

८/
आता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या प्लिमथ गावी येऊ. तिथे १८८२ मध्ये पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी निघाली होती. शेतावर पाणी उपसण्यासाठी लोखंडी पवनचक्क्या, हा तिचा धंदा. १८८८ च्या सुमारास क्लॅरेन्स हॅमिल्टन या गृहस्थाने तिच्या संचालकांपुढे स्वतः रचलेली, धातूची एक छोटी हवाई बंदूक ठेवली. व्यवस्थापक लुईस कॅस हफ यांनी ती झाडून पाहिली आणि ‘डेझी’ असे उद्गार काढले, अशी आख्यायिका आहे. त्या काळच्या बोलीत या शब्दाचा अर्थ ‘फारच छान’.

९/
प्रारंभी ही बंदूक पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला भेट म्हणून दिली जाई. हळूहळू शेतकरी चक्कीपेक्षा भेटीचीच चौकशी करू लागले. १८९५ मध्ये कंपनीने आपले नावच बदलून ‘डेझी’ केले, आणि पवनचक्क्या इतिहासजमा झाल्या. म्हणून प्लिमथच्या त्या पहिल्या काळातले पवनचक्कीच्या जाहिरातीचे एखादे जुने पत्रक हवाई बंदुकांच्या संग्राहकालाही मोलाचे वाटते. त्यावर बंदुकीचे चित्र नसले, तरी ती ज्या घरात जन्मली त्या घराचा पत्ता त्यावर असतो.

१०/
डेझीने विकली ती केवळ बंदूक नव्हे. तिने बालपणाची एक कल्पना विकली. मुलांच्या मासिकांत तिच्या जाहिराती झळकत. १९३४ मध्ये ‘बक रॉजर्स’ या अंतराळवीराच्या चित्रकथेवरून खेळण्यातले रॉकेट पिस्तूल आले. १९४० मध्ये फ्रेड हरमन यांच्या चित्रकथेतला गुराखी नायक ‘रेड रायडर’ याच्या नावाची छऱ्यांची बंदूक आली. नायक आधी वर्तमानपत्रात भेटे, मग दुकानाच्या काचेआड. ही सांगड आज आपल्याला नवी वाटत नाही. पण तिची घडण समजून घ्यायची असेल, तर हे जुने कागदच वाचावे लागतात.

११/
एक मासला पाहा. विसाव्या शतकाच्या मध्यावर डेझी मुलांना ‘नाताळच्या आठवणीचा संच’ पाठवत असे. त्यात छापील चिठ्ठ्या असत. आपल्याला कोणती बंदूक हवी आहे हे आईवडिलांच्या ध्यानात राहावे, म्हणून मुलाने त्या घरात त्यांच्या नजरेस पडतील अशा जागी ठेवायच्या. म्हणजे कंपनीने मुलालाच घरातला विक्रेता नेमले होते! ही गोष्ट कोणत्याही बंदुकीच्या नळीवर कोरलेली नाही. ती कळते एका फाडून टाकण्याजोग्या चिठ्ठीमुळे.

१२/
स्मृती किती चकवते, याचा धडाही याच बंदुकीने दिला. लेखक जीन शेफर्ड यांच्या बालपणीच्या कथांवर आधारलेला ‘अ ख्रिसमस स्टोरी’ हा चित्रपट १९८३ मध्ये आला. त्यातल्या मुलाला हवी असते होकायंत्र आणि छायाघड्याळ बसवलेली रेड रायडर बंदूक. चित्रपट लोकप्रिय झाला आणि अनेक प्रौढांना आपल्या लहानपणीची ‘तीच’ बंदूक आठवू लागली. अडचण एवढीच, की तशी रेड रायडर त्या काळी बाजारात आलीच नव्हती.

१३/
होकायंत्र आणि छायाघड्याळ होते ते डेझीच्याच ‘बक जोन्स’ या दुसऱ्या बंदुकीच्या दस्त्यावर. शेफर्ड यांच्या आठवणीत दोन बंदुका एकजीव झाल्या होत्या. चित्रपटासाठी डेझीने तशी बंदूक मुद्दाम घडवून दिली. पुढे त्या रूपाच्या बंदुका विक्रीसही आल्या. म्हणजे आधी स्मृती, मग चित्रपट, आणि त्यानंतर वस्तू! जुनी सूचिपत्रे हाताशी असल्यामुळेच हा क्रम लावता येतो. ‘मला स्वच्छ आठवते’ हे वाक्य संग्राहकाच्या जगात आदराने ऐकायचे असते, आणि मग सूचिपत्र उघडायचे असते.

१४/
इंग्लंडमध्ये या बंदुकीचा प्रवास वेगळा झाला. बोअर युद्धात (१८९९-१९०२) ब्रिटिश सैनिकांची नेमबाजी कमी पडली, अशी तिथे मोठी हळहळ होती. सामान्य नागरिकांना नेमबाजी शिकवावी, या मताला फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्यांचा पाठिंबा लाभला. अशा वातावरणात बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज यांनी १९०४ मध्ये एका अचूक हवाई रायफलीचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षापासून बी.एस.ए. हा कारखाना त्या रायफली बनवू लागला.

१५/
या रायफलींनी इंग्लंडच्या मद्यगृहांत एक खेळ रुजवला : घंटेचे लक्ष्य. लोखंडी चकतीच्या मध्यभागी जेमतेम बोटभर रुंदीचे भोक, आणि त्यामागे घंटा. नेम अचूक लागला की घंटा वाजते. चकतीवर पांढरा लेप दिलेला असतो. नेम चुकला तर गोळीचा ठसा त्यावर उमटतो आणि त्यावरून गुण ठरतात. मग कुंचल्याने लेप सारखा करून पुढच्याला वाव द्यायचा. दिवसभर कारखान्यात राबलेली माणसे संध्याकाळी संघ करून हा खेळ खेळत. इंग्लंडच्या काही भागांत तो अजून टिकून आहे.

१६/
त्या चकत्या, गुणपत्रिका, क्लबचे नाव कोरलेली छोटी पदके आणि बिल्ले आज संग्राहक शोधत असतात. श्रीमंतांच्या शिकारीची तैलचित्रे राजवाड्यांत सांभाळली गेली. कामगारांच्या या करमणुकीला तसा चित्रकार कोण मिळणार? तिची साक्ष द्यायला पदकाच्या पाठीवर कोरलेले एखादे नाव आणि साल एवढेच उरते. एखाद्या मद्यगृहाचे नाव पदकावर वाचता आले आणि ते जुन्या नकाशावर सापडले, तर एका वस्तीची संध्याकाळ आपल्यापुढे उभी राहते.

१७/
आता त्या पहिल्या डबीवरच्या देवीकडे वळू. ती रोमन लोकांची शिकारीची देवता डायना. जर्मनीतल्या राश्टाट गावी १८९० मध्ये स्थापन झालेल्या मायर उंड ग्रामेल्श्पाखर या कारखान्याचे ते बोधचिन्ह. धनुष्य टाकून हवाई बंदूक उचलणारी देवी! जुने गेले आणि नवे आले, हे त्या एका चित्रात कंपनीने सांगितले. हे चिन्ह बंदुकांवर, डब्यांवर आणि सूचिपत्रांवर जगभर पोहोचले.

१८/
दुसरे महायुद्ध जर्मनीने गमावले. युद्धाच्या भरपाईपोटी या कारखान्याची यंत्रसामग्री आणि ‘डायना’ हे नावही ब्रिटनकडे गेले. स्कॉटलंडमधल्या मदरवेलच्या मिलब्रो कंपनीने त्यावर ‘डायना’ बंदुका बनवायला घेतल्या. राश्टाटच्या कारखान्याला १९५० मध्ये पुन्हा हवाई बंदुका बनवण्याची मुभा मिळाली; पण ब्रिटनमध्ये त्याला स्वतःचेच नाव वापरता येईना. तेव्हा त्याने तिथे आपल्या बंदुकांना नाव दिले ‘ओरिजिनल’. अस्सल आम्हीच, हे सांगण्यास याहून नेमका शब्द कोणता सापडला असता?

१९/
मिलब्रोचे उत्पादन १९८२ मध्ये थांबले आणि १९८४ मध्ये डायनाचे नाव पुन्हा जर्मन मालकांकडे आले. आता डबी वाचणे सोपे होते. देवीखाली ब्रिटनचे नाव असेल, तर ती मिलब्रोच्या काळातली. ‘ओरिजिनल’ आणि पश्चिम जर्मनी अशी जोडी असेल, तर देश दुभंगलेला असतानाची, म्हणजे १९४९ ते १९९० या दरम्यानची. महायुद्ध, तह, भरपाई आणि फाळणी हे सारे दोन इंचांच्या पत्र्यावर उमटलेले असते. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद हातात धरता यावा, तसे हे आहे.

२०/
नवोदित अभ्यासकांसाठी कालनिर्णयाच्या काही खुणा :
• परदेशी मालावर मूळ देशाचे नाव असावे, असा अमेरिकेचा कायदा १८९० चा. त्यामुळे अमेरिकेत गेलेल्या मालावर देशाचे नाव असेल, तर तो बहुधा त्यानंतरचा.
• अमेरिकी पत्त्यात पाच अंकी झिप क्रमांक असेल, तर कागद १९६३ किंवा नंतरचा.
• ब्रिटिश किंमत शिलिंगमध्ये असेल, तर १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीची. त्या दिवशी तिथे दशमान चलन आले.
• डेझीच्या पत्रकावर आर्कन्सॉ राज्यातले रॉजर्स गाव असेल, तर १९५८ किंवा नंतरचे. त्या वर्षी कारखाना मिशिगनहून तिथे हलला.

२१/
दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली : डबी घासून लखलखीत करू नका. छपाईचा रंग एकदा निघाला की पुरावाच पुसला जातो. अतिशय कोरा, एकसारख्या रंगाचा कागद जुन्या पत्र्यावर चिकटवलेला दिसला, तर लेबल नव्याने छापलेले असण्याची शक्यता ध्यानात घ्या. दुसरी : जुन्या शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते. अशी डबी उघडल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि ती लहान मुलांपासून दूर ठेवावी.

२२/
आपल्याकडचा एक दुवा सांगण्याजोगा आहे. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये मुंबईत इंडियन ह्यूम पाइप ही कंपनी स्थापली. तिचा मुख्य धंदा पाणी वाहून नेणाऱ्या सिमेंट-काँक्रीटच्या नळांचा. पुढे याच कंपनीने हवाई रायफलीही बनवल्या. जुन्या शौकिनांना त्या ‘आय.एच.पी.’ या अक्षरांनी ओळखता येतात. मिशिगनमध्ये पाणी उपसणाऱ्या चक्क्यांची कंपनी आणि मुंबईत पाणी वाहणाऱ्या नळांची! धातूची नळी, दाब आणि घट्ट सांधा यांच्याशी दोघांचाही परिचय असावा, हे सहज पटते. आय.एच.पी.ची पत्रके आणि खोके कुणाच्या माळ्यावर असतील, तर ते रद्दीत घालू नका. आपल्या औद्योगिक इतिहासाची ती पाने आहेत.

२३/
मुंबईतलीच दुसरी कथा याहून मोठी आहे. गिरगावातल्या खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी एक पोरका मुलगा वाढत होता. वय दहा-बारा. त्याच्याजवळ खेळण्यातली हवाई बंदूक होती. तिने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, आणि अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ती कोणती, या प्रश्नासाठी मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. तिथले मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि मुलापुढे संग्रहातल्या पक्ष्यांची कपाटे उघडली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव त्या चिमणीवरूनच आले.

२४/
या कथेचा गोडवा चाखताना तिची दुसरी बाजू विसरू नये. प्रत्येक मुलाला मिलार्ड भेटत नाही. जगभर लाखो मुलांच्या हाती अशा बंदुका आल्या आणि असंख्य पक्षी कुणी न ओळखताच पडले. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये हवाई बंदुका स्वेच्छेने सरकारजमा करण्याचे अभियान सुरू झाले. त्यात दीड हजाराहून अधिक बंदुका लोकांनी दिल्या, कारण जंगलातले पक्ष्यांचे आवाज मंदावल्याचे त्यांना जाणवत होते. जुन्या रंगीत जाहिरातीत झाडाखाली नेम धरलेला हसरा मुलगा दिसतो. झाडावर काय होते, हे ती जाहिरात दाखवत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागते.

२५/
म्हणून ज्यांना हा छंद जोपासायचा आहे, त्यांनी कागदापासून आरंभ करावा. सूचिपत्रे, जाहिराती, डब्या, लक्ष्यपत्रे आणि बिल्ले यांना ना फार जागा लागते, ना परवाना. प्रत्यक्ष बंदूक घ्यायची झाल्यास शस्त्र कायदा, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांतल्या तरतुदी आधी नीट समजून घ्याव्यात. पक्ष्यांच्या बाबतीत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आहेच. आणि प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवावी : कुठे मिळाली, केव्हा, कुणाच्या घरातून आली. नाव-गाव हरवलेली डबी शोभेची वस्तू होते. चिठ्ठी असलेली डबी साधन होते.

२६/
घरात पुढची साफसफाई निघेल, तेव्हा जुन्या बटणांची, खिळ्यांची, सुयांची डबी एकदा उलटून झाकण पाहा. त्यावर कोणत्या गावाचे नाव आहे, किंमत कोणत्या नाण्यात आहे, चिन्ह कुणाचे आहे ते टिपून घ्या. काही सापडले, तर छायाचित्र इथे खाली जरूर टाका. कालनिर्णय मिळून करू. धागा समाप्त.